साडेपाच–अर्धा, आणि तो अर्धा कुणाचा?

काका, नमस्कार.

अमळनेरला आमचं छोटं बुद्धिबळ मंडळ आहे. शाळेच्या एका वर्गात रोज संध्याकाळी सात ते नऊ खेळतो. यंदा पहिल्यांदाच क्लबांच्या लीगमध्ये उतरलो. सहा बोर्ड, प्रत्येकी ६० मिनिटं आणि चालीमागे ३० सेकंद. मागच्या रविवारी जळगावच्या एका तगड्या क्लबाशी सामना झाला. साडेपाच–अर्धा हरलो. आमची रेटिंगची सरासरी १६१०, त्यांची १८१०.

नाश्त्याला धरणगावला थांबलो, तिथे उशीर झाला. पोचलो तेव्हा घड्याळं सुरू होऊन १२ मिनिटं झाली होती. पहिल्या बोर्डावर आमचे नाना (वय ६४, मंडळ त्यांनीच काढलं) समोर २०६० चा खेळाडू, बाविसाव्या चालीला डाव सोडून उठले. तिसऱ्या बोर्डावरच्या पोराने उंटाला हात लावला आणि मग त्याला दिसलं की उंट हलला तर वजीर जातो. चौथ्यावर आमचे मेडिकलवाले. डाव बरोबरीत होता, तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला आणि पंचांनी डाव गेला म्हणून सांगितलं. आईच्या गोळीचा अलार्म होता. पाचव्यावर अकरावीतला मुलगा. ३–० मागे असताना त्याला समोरच्याने बरोबरी देऊ केली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी ‘नको’ म्हटलं. तो पुढे हरला. मी दुसऱ्या बोर्डावर, हत्तीच्या एंडिंगमध्ये हरलो. सहाव्यावर फक्त अर्धा मिळाला.

तेव्हापासून व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज भांडण चालू आहे. एकाने लिहिलं, ‘खुर्च्या उबवायला गेले होते.’ तिघे ग्रुप सोडून गेले. बहुतेकांचं म्हणणं नानांना पहिल्या बोर्डावरून काढा. एक सभासद पैसे द्यायला तयार आहेत, नाशिकहून २१०० चा खेळाडू आणता येईल, नियमात बाहेरचा एक चालतो. तसं केलं तर सहाव्या बोर्डाला बाहेर बसावं लागेल, पण ती मुलगी सातवीत आहे, समजून घेईल. की लीगमधून नावच काढून घेऊ? तीन आठवड्यांनी धुळ्याच्या क्लबाशी सामना आहे. उशिराबद्दलही कुणाला काही बोलता येत नाही, कारण गाडी त्या मुलीच्या वडिलांचीच होती. माझी स्कोअरशीट सोबत पाठवतो.

– एक कर्णधार


भाऊ, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. एकदा चहा घेताना आणि एकदा पट मांडून. दुसऱ्या वाचनात वेगळं दिसलं, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी हिशोब करू. रेटिंगमध्ये २०० चा फरक असला की खालच्या खेळाडूकडून शंभर डावांत साधारण २४ गुणांची अपेक्षा धरतात. फरक ३०० झाला की ती १५ वर येते. एलो पद्धतीचं हे गणित आहे आणि फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचं, रेटिंग त्याच्यावरच चालतं. तुमच्या सहा बोर्डांना प्रत्येकी ०.२४ लावले तर बेरीज होते १.४४. म्हणजे धरणगावचा नाश्ता पोटात जायच्या आधीच कागदावर तुम्ही साडेचार–दीड हरलेले होतात. प्रत्यक्षात हरलात साडेपाच–अर्धा. घोळ झालाय तो एका गुणाचा, आणि ग्रुपवर भांडण चाललंय पाच गुणांचं.

गणित इतकं सरळ नसतं हे मलाही कळतं. सरासरी ती सरासरी. त्यातून फिडेने १ मार्च २०२४ पासून किमान रेटिंग १००० वरून १४०० केलं आणि २००० च्या खालच्या खेळाडूंना एकदाच वर उचललं, त्यामुळे या खालच्या मजल्यावर आकडे दाटीवाटीने बसलेत. सातवीतल्या पोरीचा आकडा काहीही असो, ती किती खेळते ते पटावर बसल्यावरच कळतं. तरीही अंदाजाला हे गणित पुरेसं आहे. तो एक गुण कुठे सांडला, एवढंच शोधायचंय.

नानांच्या बोर्डावर नाही सांडला. समोर २०६०, उशिरामुळे १२ मिनिटं आधीच गेलेली, आणि वय ६४. नाना हरले ही बातमीच नाही. बाविसाव्या चालीत हरले म्हणून लोकांना ते जास्त हरले असं वाटतं, पण बाविसाव्या चालीला गेलेला गुण आणि ऐंशीव्या चालीला गेलेला गुण तेवढाच असतो. उलट हरलेला डाव ओढत न बसता त्यांनी वेळेवर हात पुढे केला, याला मी रीत म्हणतो.

तिसऱ्या बोर्डाचं फार मनावर घेऊ नका. हात लागलेलं मोहरं हलवावंच लागतं, ही टच-मूव्ह प्रत्येकाच्या आयुष्यात एकदा येते. ज्याच्या आली नाही तो घरी भावाशीच खेळलेला असतो. त्या पोराला एक सवय लावा: चाल ठरेपर्यंत दोन्ही हात मांडीखाली. शब्दशः मांडीखाली.

मेडिकलवाल्यांचा डाव मात्र जीवाला लागतो, कारण त्यात बुद्धिबळ कुठेच नाही. नियम कडक आहे. सामन्याच्या जागी अंगावर मोबाईल सापडला की डाव जातो, स्पर्धेने वेगळी सवलत दिली असेल तरच सूट. पंचांचा काही दोष नाही. आणि त्या माणसाचा तरी किती? आईची गोळी चुकू नये म्हणून लावलेला अलार्म होता तो. मोबाईल बंद केला तरी अलार्म वाजतो असेही काही फोन असतात, हे लक्षात असू द्या. धुळ्याला गाडीतून उतरतानाच सगळ्यांचे फोन आणि घड्याळं एका पिशवीत आणि पिशवी गाडीत, डिकीत. गोळीची आठवण त्या दिवशी घरच्या दुसऱ्या कुणीतरी करायची.

आता पाचवा बोर्ड आणि दुसरा बोर्ड. इथे बसून बोलायला हवं.

कर्णधाराला सामना चालू असताना काय बोलता येतं? बरोबरी देऊ कर, बरोबरी घे, डाव सोड, एवढंच, तेही लीगचे नियम आड येत नसतील तर. खेळाडूने विचारलं तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘तू ठरव’. पटावरच्या स्थितीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. तेव्हा तुम्ही ‘नको’ म्हणालात यात नियमाचा भंग नाही. प्रश्न आहे तो कशाच्या जोरावर म्हणालात याचा. तुमच्या मनातला हिशोब मला दिसतो: ३–० मागे, तीन डाव शिल्लक, तिन्ही जिंकले तर ३–३. पण त्या तिघांत एक डाव तुमचा होता भाऊ! आणि तुमच्या स्कोअरशीटवरून मी तो मांडून पाहिला. चौतिसाव्या चालीला तुम्ही एक प्याद्याने मागे होतात. काटेकोर खेळलात तर बरोबरी, त्यापुढे काही नाही. म्हणजे ३–३ व्हायची वाट तुमच्याच पटावर बंद झालेली होती, आणि तुम्ही पोराला त्या वाटेवर पाठवलंत. सामना तर गेलाच होता, पण लीगमध्ये सामन्याचे गुण सारखे झाले की डावांचे गुण मोजतात. तो अर्धा खिशात घालण्यासारखा होता.

आता तुमची स्कोअरशीट. चौतिसाव्या चालीपर्यंत अक्षर सुरेख, हत्तीचा ‘ह’ शाळामास्तरासारखा. पस्तीसपासून अक्षर तिरकं झालंय. अडतिसावी चाल लिहिलेलीच नाही, एकोणचाळिसावी तिच्या घरात लिहून मग खोडलीय. चालीमागे ३० सेकंद मिळत असतात तेव्हा शेवटपर्यंत लिहावंच लागतं, त्यामुळे कागद खोटं बोलत नाही. या चालींच्या वेळी तुम्ही खुर्चीवर नव्हतात. किंवा खुर्चीवर होतात आणि मान पाचव्या बोर्डाकडे होती.

तुमच्या पटावरची ही स्थिती पुस्तकातली आहे, अठराव्या शतकातल्या फिलिडोर नावाच्या फ्रेंच खेळाडूच्या नावाने ओळखली जाते. बचाव करणाऱ्याचा राजा प्याद्याच्या वाटेत उभा, आणि हत्तीने आपल्या बाजूची तिसरी ओळ धरलेली. समोरच्या राजाला ती ओळ ओलांडू द्यायची नाही. हत्ती त्याच ओळीवर इकडून तिकडे, तिकडून इकडे, कंटाळा येईपर्यंत. कंटाळून त्याने प्यादं त्या ओळीत ढकललं की त्याच्या राजाला लपायला जागा उरत नाही. तेव्हा आपला हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शहामागून शह. झाली बरोबरी. तुम्ही तीन चाली अगदी असंच खेळलात, म्हणजे तुम्हाला हे येतं. मग एकोणचाळिसाव्या चालीला, प्यादं अजून मागेच असताना, हत्ती ओळ सोडून शह द्यायला निघाला. समोरच्या पांढऱ्या राजाला दार उघडं मिळालं. तिथूनही डाव लगेच हरलेला नव्हता, पण वाचवायला डोकं जागेवर लागतं, आणि तुमचं डोकं तीन बोर्ड पलीकडे बसलेल्या अकरावीतल्या मुलाजवळ होतं.

तुमचं पत्रच बघा ना. नाना कितव्या चालीला उठले, उंट कुठला, अलार्म कशाचा, सगळं तुम्हाला ठाऊक आहे. स्वतःच्या डावाला एक ओळ: ‘हत्तीच्या एंडिंगमध्ये हरलो.’ त्या दिवशी तुम्ही सहा बोर्ड खेळत होतात आणि त्यातला एकही धड नाही. पाचव्याचा अर्धा आणि तुमचा अर्धा. सांडलेला गुण मला तरी इथे सापडला.

याचा राग मानू नका. खेळता कर्णधार ही छोट्या मंडळांची जुनी खोड आहे, कारण सातवा माणूस नेणं परवडत नाही. मोठ्या संघांकडे बघा. २०२४ ला बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेत, आपल्या महिला संघाचे कर्णधार होते पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. महिला संघात ते खेळणार कसे, असं म्हणाल, बरोबर आहे. पण खुल्या संघाचे कर्णधार श्रीनाथ नारायणन हेही ग्रँडमास्टर, आणि तेही पटावर नव्हते. गुकेश, प्रज्ञानंद, अर्जुन, आपला नाशिकचा विदित आणि हरिकृष्ण खेळत होते, कर्णधार बाजूला.

आणि हार बघायची असेल तर तीही त्याच महिला संघाची बघा. २०२२ ला मामल्लपुरमला शेवटच्या फेरीपर्यंत आपण पुढे होतो. अमेरिकेकडून ३–१ हरलो आणि सोन्याचं कांस्य झालं, तेही घरच्या मैदानावर. दोन वर्षांनी बुडापेस्टला आठव्या फेरीत पोलंडकडून अडीच–दीड हार. नवव्या फेरीत पुन्हा अमेरिका, २–२. मामल्लपुरमची आठवण कुणाला झाली नसेल? दहाव्या फेरीत चीनला अडीच–दीड हरवलं, अकराव्यात अझरबैजानला साडेतीन–अर्धा, आणि सुवर्ण आलं. नागपूरची दिव्या देशमुख तेव्हा अठरा वर्षांची होती आणि तिसऱ्या बोर्डावर बसत होती. पोलंडच्या रात्री कुणी ‘संघ बदला’ असा मेसेज टाकला असेल तर त्याने पुढच्या जुलैत बातुमीला तिने महिला विश्वचषक जिंकला तेव्हा तो पुसला असणार.

तर धुळ्याला कर्णधार कोण? माझं उत्तर ऐकून हसू नका. सहाव्या बोर्डाचे वडील.

त्यांना खेळातलं काय कळतं, असं विचारू नका. कर्णधाराला डाव कळावा लागत नाही. किती वाजता निघायचं, फोन कुठे ठेवायचे, बोर्डांचा क्रम पंचांना कधी द्यायचा, कुणाचा निकाल काय लागला, पाण्याच्या बाटल्या, एवढं कळलं की झालं. बरोबरीबद्दल कुणी विचारलं तर काय सांगायचं ते आदल्या दिवशी सगळ्यांनी बसून ठरवा; बहुतेक वेळा ‘तू ठरव’ पुरतं. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत तर फक्त ‘तू ठरव’. नाहीतरी ते गाडी लावून तीन तास बाहेर बसलेलेच असतात. आणि माणूस कर्णधार झाला की धरणगावला नाश्त्याला किती वेळ थांबायचं याची जबाबदारीही आपसूक त्यांची होते. उशिराबद्दल बोलता येत नाही म्हणालात ना? बोलायची गरजच पडणार नाही.

कुणीतरी म्हणेल, मग नानांनाच कर्णधार करा, मान राहील आणि बोर्डही सुटेल. हे करू नका. हार घालून खुर्चीवरून उठवण्याचा हा प्रकार म्हाताऱ्या माणसाला पहिल्या मिनिटाला कळतो. बोर्डांचा क्रम रेटिंगप्रमाणे लावायचा असा पुष्कळ लीगमध्ये नियम असतो, काही ठिकाणी थोडी मुभा असते. तुमचं नियमपत्रक काढून नीट वाचा. रेटिंगने नाना पहिले असतील तर ते पहिल्यावरच बसतील, विषय संपला. मुभा असेल तर नानांनाच विचारा, ‘नाना, धुळ्याला कुठे बसता?’ मंडळ काढलेला माणूस आहे. मला वाटतं ते स्वतःच म्हणतील, ‘मी तिसऱ्यावर बसतो, पोरांना वर खेळू द्या.’ नाही म्हणाले तर पहिल्यावर. दुबळा माणूस मुद्दाम वर बसवून खालचे बोर्ड मारायचे, ही ‘बकरा’ लावायची युक्ती मात्र नको. माझ्या डोळ्यांसमोर एका चांगल्या पोराचा खेळ त्याने सुटलाय.

आता नाशिकचा २१००.

सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, तुम्ही पाहिलाच असेल. तापीच्या काठी रांगेने बांधलेले. तिथे घेणारा काय करतो? दात बघतो, खूर उचलून बघतो, चालवून बघतो, आणि हे सगळं झाल्यावर घरच्या माणसाला विचारतो, ‘याला चारा कोण घालणार?’ तुम्ही शेवटचा प्रश्न विचारलेला नाही. २१०० आला, पहिल्या बोर्डावर बसला, बाकीचे एकेक खाली सरकले. जळगावसारख्या क्लबाशी फार तर एक-दीड गुण वाढेल. तरीही हार. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या क्लबाकडून येईल आणि तुमच्याकडे एक सही केलेली स्कोअरशीट उरेल. देणाऱ्या सभासदाचे पैसे परत करू नका बरं का. त्यांना सांगा, दोन चांगली डिजिटल घड्याळं घेऊन द्या. चालीमागे ३० सेकंदांच्या सामन्याचा सराव तुम्ही करता कशावर? मोबाईलच्या ॲपवर, हे मी न विचारता सांगतो.

आणि जागा करायला बाहेर कुणाला बसवणार होतात? ‘फक्त अर्धा मिळाला’ हे वाक्य मी तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा पेन खाली ठेवलं. कुणी मिळवला ते त्या ओळीत नाहीच. पुढच्या परिच्छेदात, तिला काढायची गोष्ट निघते तेव्हा, कळतं की ती मुलगी आहे, सातवीत आहे आणि ‘समजून घेईल’. सहा जणांत हरली नाही अशी एकटी तीच. बारा-तेरा वर्षांची पोर, १२ मिनिटं कमी, वर एकामागून एक मोठी माणसं उठून जाताहेत, आणि ती आपल्या खुर्चीवरून हलली नाही. ती समजून घेईलच. मुली फार लवकर समजून घ्यायला शिकतात, आणि मग एक दिवस येईनाशा होतात. तिला बाहेर बसवलंत तर धुळ्याला कुणाच्या गाडीतून जाणार होतात, हा प्रश्न मी विचारत नाही.

लीगमधून नाव काढून घेण्याबद्दल दोनच शब्द: करू नका. अर्ध्यात नाव काढलं की बाकीच्या सगळ्या क्लबांचं वेळापत्रक कोलमडतं, आणि पुढच्या वर्षी तुमचा अर्ज कुणी हौसेने घेणार नाही.

ग्रुपवर आता तुम्ही काहीच लिहू नका. ‘खुर्च्या उबवायला’ लिहिणाऱ्याला उत्तरही नको. त्याला येत्या रविवारी बोलवा, सोडून गेलेल्या तिघांनाही फोन करून बोलवा. मेसेज नाही, फोन. थंडीचे दिवस आहेत, कुणाच्या तरी शेतात भरीत होणारच असेल, तिथेच जमा. पण क्रम पाळा. आधी डाव, मग भरीत. उलटं केलंत तर कांद्याची पात, हिरवी मिरची आणि गरम पुरीचा पहिला घास गेल्यावर घोडा कुठल्या घरात होता हे कुणालाही आठवणार नाही.

सहा स्कोअरशीट, सहा पट, आणि पहिला तासभर इंजिन, म्हणजे चाली सांगणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, बंद. ज्याचा डाव त्याने मांडायचा, आणि त्या क्षणी आपल्याला काय वाटत होतं ते बोलायचं. बाकीच्यांनी ‘अरे हे कसं दिसलं नाही’ म्हणायचं नाही. इंजिन काय, दोन सेकंदांत सगळ्यांना मूर्ख ठरवतं. ते शेवटी, शंका उरली तर. सुरुवात सहाव्या बोर्डापासून करा. तिला आधी मांडू द्या, मोठ्यांनी गप्प बसून बघायचं. मग पाचवा, आणि तो मांडला जायच्या आधी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायचं, ‘बरोबरी नको मी म्हटलं, चूक माझी.’ एवढंच. पुढे स्पष्टीकरण जोडू नका. तो पोरगा आठ दिवस तो डाव मनात खेळतोय, त्याला झोप लागेल.

हे इतक्या आग्रहाने का सांगतो, तेही सांगतो. १९८७ साली आम्ही चौघे भुसावळहून एका सामन्याला गेलो होतो. ४–० हरलो. परतीच्या गाडीत बोलायला विषय एकच, आणि चौथ्या बोर्डाचा मुलगा दाराजवळ उभा होता. जिंकत आलेला डाव त्याने घड्याळावर घालवला होता, जुनी चावीची घड्याळं, झेंडा पडला की संपलं. आम्ही तिघे जळगाव येईपर्यंत त्याच्यावरच बोलत होतो, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मीही. आमचे तिघांचे डाव त्याच्याहून वाईट होते हे नंतर एकदा कागद काढून पाहिलं तेव्हा कळलं. तो परत मंडळात आला नाही. पुष्कळ वर्षांनी बाजारात भेटला, मेथीची जुडी निवडत होता. ‘खेळतोस का?’ विचारलं. म्हणाला, ‘नाही. पोरांनापण नाही शिकवलं.’ मेथी घेऊन निघून गेला. भाव काय दिला, ते अजून आठवतं मला.

उरलेल्या दोन आठवड्यांत फार काही शिकवायला जाऊ नका. नवी ओपनिंग तर अजिबात नाही. आठवड्यातून तीन संध्याकाळी, घड्याळ लावून, स्कोअरशीट लिहून पूर्ण वेळेचा एक डाव. उरलेल्या दिवशी फिलिडोरची ती स्थिती मांडायची आणि दोन-दोन मिनिटांच्या घड्याळावर एकाने जिंकायचा प्रयत्न करायचा, एकाने वाचवायचा, मग बाजू बदलायच्या. तुम्ही रोज बचावाच्या बाजूला बसा. आणि समोर सहाव्या बोर्डाला बसवा.

नाना हरल्यावर काय म्हणाले, ते तुम्ही लिहिलं नाही. मी त्यांना ओळखत नाही, पण तुमच्या बाजूच्या माणसांना ओळखतो. ‘हारनूत ते हारनूत’ म्हणून चहा मागवला असेल.

धुळ्याला दहाचा सामना असेल तर साडेसातला अमळनेर सोडा, नाश्ता पोचल्यावर. आणि पुढच्या वेळी लिहाल तेव्हा सहाव्या बोर्डाची स्कोअरशीट पाठवा, जळगावची. मला ती बरोबरी कशी झाली ते बघायचंय.

– तुमचा, काका